जुनी होडी

मी मूळचा कऱ्हाडचा. कृष्णा आणि कोयना यांचा संगम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पाठीला सुका भोपळा बांधून मी त्या पाण्यात पोहायला शिकलो आणि दहाव्या वर्षी भोपळा फेकून देऊन पैलतीर गाठला. त्यामुळे पाणी म्हणजे काय हे आपल्याला पुरते ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. ती पुढे चौदा वर्षे टिकली. १९८४ साली मी राजपुरीच्या खाडीकाठच्या एका गावी शिक्षक म्हणून गेलो आणि मग तिला एकेक तडा जाऊ लागला.

खाडी कोणाला म्हणतात हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. मीही वाचले होते, किंबहुना मुलांना शिकवतही होतो. परंतु पहिल्या दिवशी सकाळी पाहिलेले भरगच्च पाणी दुपारी नाहीसे झाले आणि त्या जागी काळ्याभोर चिखलात उताण्या पडलेल्या होड्या दिसू लागल्या, तेव्हा मी खुळ्यासारखा पाहत राहिलो. दोन्ही बाजूंस डोंगर, मध्ये खाडी, खाडीच्या मुखाशी पाण्यातून वर आलेला जंजिऱ्याचा कोट आणि त्याच्या पलीकडे, वायव्येस, शिवाजी महाराजांनी बांधविलेला पद्मदुर्ग. किल्ला पाहावयास आलेल्या लोकांना घेऊन शिडाच्या होड्या जंजिऱ्याकडे जात. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. पांढरे तिरपे शीड वाऱ्याने फुगे आणि वीस-पंचवीस माणसे भरलेली ती होडी पाण्यावरून अलगद सरकत जाई. शाळा सुटली की मी धक्क्यावर जाऊन बसे आणि अंधार पडेपर्यंत ती शिडे पाहत राही.

दोन वर्षे मी असा नुसता पाहत होतो. १९८६ च्या पावसाळ्यात एके दिवशी माडांच्या बनातून जाताना झावळ्यांच्या छपराखाली उपडी ठेवलेली एक होडी मला दिसली. लांबी अठरा फुटांच्या आसपास. रंग उडालेला. एका फळीतून गवताचे पाते वर आलेले. दोन पावसाळे ती तेथेच पडून होती, असे कोणीतरी सांगितले. मालक होते गावातले वृद्ध तांडेल. होडीवरच्या मुख्य माणसाला, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी चालतात त्याला, तांडेल म्हणतात. त्यांनी साठ वर्षे दर्यावर काढली होती. मुलगे मुंबईस इंजिनाच्या बोटींवर कामाला होते, त्यांना ही होडी नको होती. सरपणासाठी मागणारे दोघे येऊन गेले होते. तांडेलांनी त्यांना अंगणातूनच परत पाठविले होते.

मी भीत भीत त्यांच्याकडे गेलो. ते जाळ्याची फाटलेली घरे सांधत बसले होते.

"होडी विकायची आहे का?" मी विचारले.

"कोणाला हवी?"

"मला."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले. "पोहायला येते, गुरुजी?"

"उत्तम येते."

"कोठे शिकलात?"

"कृष्णेत."

"नदी एकाच बाजूला वाहते," ते म्हणाले आणि पुन्हा जाळे सांधू लागले.

मला वाटले, बोलणे संपले. परंतु थोड्या वेळाने ते उठले, आतून एक अणकुचीदार सुरी घेऊन आले आणि मला त्या छपराकडे घेऊन गेले. त्यानंतर जे घडले ते मी कोणत्याही बाजारात आजवर पाहिलेले नाही. विकणाऱ्यानेच आपल्या मालाचे दोष एकामागून एक दाखवावयास सुरुवात केली. सुरीचे टोक फळीत खुपसून ते म्हणाले, "हे पाहा, येथे जाते आत. ही फळी गेली. येथे जात नाही, ही चांगली." मग त्यांनी बोटांच्या पेरांनी सगळी होडी ठोकली. चांगले लाकूड खणखणत होते. जेथे आवाज भद्द येई तेथे त्यांनी कोळशाने खूण केली. तळाशी एका ठिकाणी बारीक बारीक भोके होती. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो अळीसारखा, पण तो असतो शिंपल्याच्या कुळातला. त्याने केलेली ती भोके. "दोन फळ्या बदलाव्या लागतील. खिळे गंजले आहेत. शीड मांजरपाटाचे आहे, त्याला उंदरांनी तीन ठिकाणी खाल्ले आहे. डोलकाठी मात्र सागाची आहे. ती तुमच्या माझ्या मागे राहील."

किंमत ठरली तीन हजार दोनशे रुपये. तेव्हाच्या माझ्या जवळजवळ तीन महिन्यांच्या पगाराइतकी. शिवाय एक अट होती. ते स्वतः सांगेपर्यंत मी होडी एकट्याने पाण्यात न्यायची नाही.

शाळेतल्या माझ्या सोबत्यांनी पुष्कळ थट्टा केली. एकाने तर होडीत माती भरून तीत वांगी लावण्याचा सल्ला दिला. मला त्या वेळी वाचलेल्या एका गोष्टीचा मोठा आधार वाटे. जोशुआ स्लोकम नावाच्या दर्यावर्द्याला १८९२ साली अमेरिकेत एका ओळखीच्या माणसाने एक जहाज देऊ केले. स्लोकम पाहावयास गेला, तो ते जहाज म्हणजे शेतात टेकू देऊन उभी केलेली एक मोडकी होडी! त्याने तेरा महिने खपून तिची एकेक फळी नवी केली आणि तिच्यातूनच १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिला मनुष्य होय. मला पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची नव्हती. जंजिऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, तरी पुरे होते.

श्रावण-भाद्रपदात होडीची डागडुजी झाली. दोन फळ्या सुताराने बदलल्या. फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासून बसवायचा, हे काम माझ्याकडे आले. वाचताना सोपे वाटते. पहिल्या दिवशी मी जेवढा कापूस बसवला तेवढा सगळा तांडेलांनी सुरीच्या टोकाने उपटून काढला आणि मुकाट्याने माझ्या हातात परत दिला. आतून-बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल लावले. ते इतके दाहक असते की माझ्या बोटांची साले निघाली आणि आठ दिवस मला खडू नीट धरता येईना. तळाला चुना आणि चरबी यांचा लेप दिला. नवरात्र संपल्यावर एका सकाळी गावच्या आठ-दहा माणसांनी होडी पाण्यात लोटली. मी नारळ फोडला. मुलांनी खोबऱ्यासाठी गलका केला. आणि पाहता पाहता माझी होडी पाण्याने भरू लागली! सगळ्या फटींतून पाणी पाझरत होते. अर्ध्या तासात ती काठापर्यंत बुडाली. माझ्या डोळ्यांसमोर ते तीन हजार दोनशे रुपये बुडत होते.

"उपसा ना कोणीतरी!" मी ओरडलो.

तांडेल हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच प्रथम पाहिले. "दोन वर्षे ती उन्हात होती, गुरुजी. तिला तहान लागली आहे. पिऊ द्या तिला."

चौथ्या दिवशी आम्ही पाणी उपसून काढले. लाकूड पाणी पिऊन फुगले होते, फटी आपोआप मिटल्या होत्या. त्यानंतर होडीत पाणी आले ते बहुतेक माझ्याच चुकांमुळे.

शिकण्याचा पहिला महिना शीड न उघडता गेला. फक्त वल्ही. माझी कुरकुर ऐकून तांडेल म्हणाले, "वारा पडला म्हणजे शीड हे नुसते धोतर. मग घरी कशाने येशील?" या वाक्यात तुमच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. जमिनीवर ते मला 'गुरुजी' आणि 'तुम्ही' म्हणत. होडीत पाय ठेवला की मी 'तू' होई. याबद्दल त्यांनी कधी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सोबत त्यांचा नातू असे. तो माझ्याच वर्गात, सातवीत होता. गणितात फार कच्चा. फळ्यापाशी बोलावले की तो खाली मान घालून असा उभा राही, की मलाच त्याची दया येई.

एकदा होडी सोडताना मी विचारले, "आज भरती किती वाजता?"

"सहाला," नातू चटकन म्हणाला.

"तुला कसे कळले?"

"आज अष्टमी ना, गुरुजी! आठ पाऊणे सहा."

मी चकित झालो. आमच्या किनाऱ्यावरचा हा फार जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यापुढे सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, भरतीही त्याच्याबरोबर मागे पडत जाते. म्हणून ही पाऊणकी. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र व सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, तेव्हा येते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशांना, म्हणून भरती अगदी बेताची. तिला भांग म्हणतात. तांडेल शाळेत जेमतेम दोन वर्षे गेलेले. परंतु त्यांच्या काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेत. ती त्यांनी नातवाला दिली होती. मी त्याला वर्गात पाऊणकी कधी विचारली नव्हती, कारण ती आता पुस्तकात नाही.

वाऱ्याचे वेळापत्रकही असेच बांधलेले होते. हिवाळ्यात रात्री जमीन पाण्याहून लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. सकाळी मतलईवर बाहेर पडावे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यावे. त्याला ओहोटी-भरतीची जोड मिळाली तर कोळ्याला वल्हे हातात धरावे लागत नाही. भूगोलाच्या पुस्तकात हे दोन वारे मी कितीदा शिकविले होते! परंतु मतलई वारा मानेवर कसा लागतो, हे मला त्या डिसेंबरात कळले.

शेवटी शीड उघडले. डोलकाठीला परबाण नावाची एक लांब काठी तिरपी टांगलेली असते आणि तिला शीड बांधलेले असते. शिडाच्या खालच्या मोकळ्या कोपऱ्याला जो दोर असतो त्याला दामण म्हणतात. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात दामण. दामण ओढली की शीड वारा धरते, सैल सोडली की वारा निघून जातो. होडी फार कलू नये म्हणून तळाशी दगड ठेवतात, त्यांना नीरम म्हणतात. एवढेच सामान. पण त्या एवढ्याशा सामानाने माझी काय दशा केली! पहिल्याच दिवशी परबाणाने माझ्या डोक्याला टेंगूळ आणले. दुसऱ्या दिवशी मी सुकाणू उलट फिरवून एका उभ्या पडावावर जाऊन आदळलो. तिसऱ्या दिवशी चिखलात रुतलो आणि भरती येईपर्यंत सहा तास बगळ्यांच्या संगतीत काढले.

सर्वांत नवल वाटले ते वाऱ्याच्या तोंडावर जाण्याचे. वारा पाठीमागून असला की होडी पुढे जाते, हे कोणालाही समजते. समोरून असला तर? कोणतीही शिडाची होडी थेट वाऱ्यात शिरू शकत नाही. पण तिरपी जाऊ शकते. आधी डावीकडे तिरपे जायचे, मग परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेऊन उजवीकडे तिरपे जायचे, पुन्हा डावीकडे. कऱ्हाडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट लागतो. तेथे एस. टी. सरळ डोंगरावर चढत नाही, वळणे घेत घेत चढते. होडीही वाऱ्यावर तशीच चढते. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला तर तो दाबाच्या दिशेने न जाता सुळकन पुढे निसटतो. एका बाजूने शिडावर वारा आणि दुसऱ्या बाजूने होडीच्या कुशीवर पाणी, या दोन बोटांत सापडलेली होडी तशीच पुढे निसटते. पहिल्यांदा हे साधले तेव्हा मी इतका मोठ्याने ओरडलो की काठावरचे बगळे उडाले.

तांडेलांनी मला नियम असे थोडेच सांगितले. एक मात्र रोज सांगत. दामण बांधायची नाही. होडीच्या काठाशी एक लाकडी खुंटा होता. ओढ हलकी व्हावी म्हणून त्याला दामणीचा एक वेढा द्यायचा, पण टोक हातातच ठेवायचे. "गाठ मारलीस की शीड तुझे राहिले नाही, वाऱ्याचे झाले."

पौषातील शुद्ध एकादशी होती. १९८७ चा जानेवारी. शाळेला सुट्टी होती. आदल्याच दिवशी तांडेलांनी मला एकट्याने जाण्याची परवानगी दिली होती आणि नातवाने बरोबर येण्याचा हट्ट धरला होता. सव्वाआठला भरती होऊन पाणी उतरू लागले, तसे आम्ही निघालो. मागून मतलई, खालून ओहोटी. दहाच्या आत आम्ही जंजिऱ्याच्या तटाखाली होतो. ते प्रचंड बुरूज, त्यांच्या पायथ्याशी फुटणारे पाणी आणि शेजारून जाणारी माझी लहानशी होडी! पाहुण्यांच्या एका होडीतल्या लोकांनी आम्हांला हात हलविले. मला त्या वेळी आपण कोणी आंग्रे सरखेल आहोत, असेच वाटत होते. किल्ल्याला वळसा घालून आम्ही भाकरी खाल्ली, गळ टाकून दोन मासे धरले.

साडेबाराच्या सुमारास खारा वारा सुटला. नातू म्हणाला, "गुरुजी, पाणी अडीचला फिरेल. तोवर थांबू या."

ते बरोबर होते. पाणी अजून खाडीतून बाहेर धावत होते आणि वारा आत येत होता. दोघे समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. पण आपण किती लवकर परतलो हे मला गावाला दाखवायचे होते. मी शीड चढविले. होडी लाटांवर आपटत आत निघाली. वारा वाढत होता. दामण ओढून माझा हात भरून आला. तळहाताची त्वचा सोलवटली. मनात म्हटले, दोन मिनिटे. फक्त दोन मिनिटे हाताला विसावा. आणि मी दामणीची खुंट्याला गाठ मारली.

मागच्या डोंगरावरून उतरावे तसा वाऱ्याचा एक झोत आला. शीड फटकन ताणले गेले आणि होडी उजव्या कुशीवर गेली. काठ पाण्याखाली गेला. हिरवे पाणी आत लोटले, तळाचे दगड घरंगळून खालच्या बाजूस जमले. मी खुंट्याकडे झेपावलो, परंतु गाठ भिजून आवळली होती. माझी बोटे तिच्यावरून नुसती घसरत होती. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक बारीक हात पुढे आला. त्यात गळाचे आमिष कापण्याची सुरी होती. एक, दोन, तीन घाव. दामण तुटली. शीड सुटून पुढे फडफडू लागले आणि होडी, जणू तिलाही धाप लागली आहे अशी, हळूहळू सरळ झाली.

आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. नातवाने शीड उतरविले, नांगर टाकला आणि डब्याने पाणी उपसावयास सुरुवात केली. मग मलाही आपल्याला हात आहेत याची आठवण झाली. अडीच वाजता पाणी फिरले. आम्ही तुटलेली दामण सांधून, शीड अर्धेच उघडून, भरतीबरोबर घरी आलो. वाटेत दोघेही बोललो नाही.

तांडेल धक्क्यावर उभे होते. त्यांनी प्रथम नातवाकडे पाहिले, मग होडीत पाणी चढल्याच्या ओल्या खुणेकडे आणि मग दामणीच्या कापलेल्या टोकाकडे.

"अचानक वारा सुटला," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. पण ते खरेही नव्हते, आणि ते आम्हां तिघांना ठाऊक होते. नातवाने माझ्याकडे पाहिले आणि खाली मान घातली. फळ्यापाशी घालीत असे तशीच.

"वारा अचानकच सुटतो," तांडेल म्हणाले. त्यांनी शीड सोडविले, त्याची घडी करून ती खांद्यावर टाकली आणि ते घरी निघून गेले.

पहिले दोन दिवस मला राग आला. होडी माझी, शीड माझे, पैसे मोजून दिलेले. तिसऱ्या दिवशी तो राग पुरेनासा झाला. वर्गात तो मुलगा समोर बसे. त्याच्या वहीत चुकलेले गणित दिसले तर माझी तांबडी पेन्सिल उचलेना. रात्री डोळे मिटले की ती आवळलेली गाठ दिसे आणि त्या मुलाकडे सुरी नसती तर काय झाले असते, हे दिसे. आठव्या दिवशी संध्याकाळी मी तांडेलांच्या घरी गेलो. ते ओटीवर बसले होते. नातू आत अभ्यास करीत होता.

मी उभ्यानेच सांगितले, "मी दामण बांधली होती. तो थांबू या म्हणत होता, मी ऐकले नाही. त्याने दोर कापला म्हणून आम्ही आलो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्याला त्याच रात्री विचारले होते."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गुरुजींना विचारा." त्यांनी आत वळून हाक मारली, "अरे, गुरुजींना चहा आण."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी होडीपाशी गेलो तेव्हा शीड परबाणाला बांधलेले होते. त्याच्यावर उंदरांनी पाडलेल्या भोकांना नवी ठिगळे लागली होती. दामण नवी कोरी होती. मी सुकाणूपाशी जाऊन बसलो आणि सवयीने हात काठाकडे नेला. तेथे खुंटा नव्हता. तो उपटून काढला होता आणि त्याच्या भोकात सागाची पाचर घट्ट ठोकून, वरून तेल लावून, जागा गुळगुळीत केली होती. त्या दिवसापासून दामणीची सारी ओढ मी हातानेच सोसली. महिनाभरात तळहाताला घट्टे पडले. मग ती ओढ जाणवेनाशी झाली. वारा वाढला-पडला की तो डोळ्यांच्या आधी हातालाच कळू लागला.

शिडाचे दिवस संपले, असे तेव्हा सगळे म्हणत. किनाऱ्यावर मासेमारीला इंजिने आली होती आणि ते योग्यच होते; वादळात सापडलेल्या कोळ्याला इंजिन वाचविते. तरीही २००९-१० साली दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत चार बंदरांत थांबून. असे करणारे ते पहिले भारतीय. वर्तमानपत्रात त्यांचे चित्र पाहिले तेव्हा माझे लक्ष प्रथम त्यांच्या हातांकडे गेले. पण तो फार पुढचा काळ.

१९९३ साली माझी बदली देशावर झाली. होडी कऱ्हाडला नेता येण्याजोगी नव्हती. गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. तांडेलांचा नातू तेव्हा अठरा वर्षांचा झाला होता आणि जंजिऱ्याला जाणाऱ्या होडीवर काम करीत होता. तो एका संध्याकाळी आला, सुरी घेऊन. त्याने फळ्या टोचून पाहिल्या, बोटांनी ठोकल्या आणि कोळशाने दोन ठिकाणी खुणा केल्या. मी त्याला सगळे दोष दाखविले; एक मी विसरलो होतो, तो त्याने मला दाखविला. मग काठावरून हात फिरवीत तो त्या पाचरीपाशी थांबला.

"गुरुजी, येथे खुंटा पुन्हा बसवू का?"

"आजोबांना विचार," मी म्हणालो.

तो हसला. त्याने नांगर उचलला, दामण हातात घेतली आणि सुकाणूपाशी बसला. मला बसावयास जागा उरली ती पुढे, नाळेपाशी. इतक्या वर्षांत मी तेथे कधी बसलो नव्हतो. मतलई नुकती सुटली होती.